गायिकेला काय विचारावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाने नागपूरच्या आकाशवाणी केंद्राला जे पत्र पाठविले, त्याविषयी मी चार शब्द सांगावेत असे कार्यकारिणीने ठरविले. पत्र सर्वांच्या नावाने गेले आहे. तेव्हा त्यात काय लिहिले आणि काय मुद्दाम लिहिले नाही, हे सर्वांना ठाऊक असावे. मी सातवीपर्यंत शिकलेली. अक्षर बरे आहे म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, आणि लिहिणारीनेच सांगावे म्हणून हे बोलण्याचेही माझ्याच गळ्यात पडले.

पत्रातील विनंती अशी आहे. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ गायिकेची मुलाखत घ्यावी, आणि तुमसरच्या बायकांनी काढलेले प्रश्न त्यांना विचारावेत. खुद्द त्यांच्यासाठी एक वेगळे पत्रही त्याच पाकिटात ठेवले आहे. त्यांचे नाव मी आज घेणार नाही, आणि स्मरणिकेतही ते छापायचे नाही असे ठरले आहे. काहीजणींना हे आवडले नाही. नाव छापले तर स्मरणिकेला वजन येईल, असे त्यांचे म्हणणे. पण नाव आधी गाजविले, की त्या बाईंना नाही म्हणणे जड जाते. पाहण्याच्या कार्यक्रमात दहा माणसांदेखत मुलीला ‘पसंत आहे ना?’ म्हणून विचारतात, त्यातलाच तो प्रकार. नकाराला जागा ठेवून मागावे तिला विनंती म्हणतात, नाहीतर ती गळ होते.

आता रेडिओ कोण ऐकतो, असे घरची पुरुषमंडळी म्हणतील. म्हणोत. दूरदर्शनच्या पेटीला डोळे द्यावे लागतात. रेडिओला नुसते कान पुरतात, आणि हात पिठात असले तरी कान मोकळे असतात. आता तर तो मोबाईलवरही लागतो. आणखी एक गोष्ट आहे. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. तुमसर रोडवरून गाडीत बसले तर नागपूर काही फार लांब नाही, पण आपल्या सासूबाईंच्या आणि आजेसासूबाईंच्या पिढीतल्या किती जणी मैफल ऐकायला नागपूरला गेल्या असतील? मैफल रात्री सुरू व्हायची, पहाटे संपायची, आणि बैठकीत बसायचे पुरुषांनी. घरंदाज बाईच्या कानावर मोठे गाणे पडले ते या पेटीमुळेच. १९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले. ते आपले मराठी गृहस्थ. त्यांनी सिनेमाची गाणी कमी केली, म्हणून लोक रागावले आणि रेडिओ सिलोन लावू लागले. शेवटी १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. त्यांचा हट्ट जरा अतीच होता असे मलाही वाटते. पण संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच वेळी, २० जुलै १९५२ पासून सुरू झाला, आणि मुंबई-पुण्याचे गाणे झाडीपट्टीतल्या स्वयंपाकघरात आले, हे विसरून चालणार नाही. पुढे विविध भारतीवर सकाळी साडेसातला ‘संगीत सरिता’ लागू लागली. पंधरा मिनिटांत कलावंत रागाविषयी बोलत आणि गाऊनही दाखवीत. पोळ्यांचा पहिला घाणा त्यावरच निघे.

पण गाणे ऐकणे निराळे आणि गाणाऱ्या बाईचे बोलणे ऐकणे निराळे. केसरबाई केरकरांचे पाहा. गोव्यातल्या केरी गावी त्यांचा जन्म झाला. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम त्यांनी १९२१ पासून, १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत घेतली. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे जाण्यासाठी सोडली, आणि त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविली. पृथ्वीवर कोण राहते, हे कोणी परके भेटलेच तर त्यांना कळावे म्हणून! त्या तबकडीवर आपल्या केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. दुसरे उड्डाण ५ सप्टेंबरला झाले, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. आवाज कुठल्या कुठे गेला. पण पंचवीस वर्षे एका गुरूपाशी शिकताना घर कसे चालविले, मुलीला शिकवून डॉक्टर केले ते कसे, अंगात ताप असता रियाज केला की टाळला, हे त्या तबकडीवर नाही. ते कोणी बसून विचारावे लागते.

विचारले म्हणजे मिळते, याचीही उदाहरणे आहेत. त्याच अल्लादिया खाँसाहेबांनी आपली हकीकत नातवाला सांगितली, नातवाने ती उर्दूत लिहून घेतली, आणि म्हणून ती आज वाचायला मिळते. गंगूबाई हनगल यांचे आत्मचरित्र कानडीत आहे. त्यांनी सांगितले आणि एन. के. कुलकर्णी यांनी लिहून घेतले. हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे रेल्वेने जायचे, शिकायचे आणि पुन्हा घरी यायचे, असा त्यांचा क्रम होता. गळ्याच्या दुखण्यानंतर आवाज जाड झाला. दुसरी बाई खचली असती. यांनी तोच आवाज घेऊन पुढे सारी हयात गायिले, आणि २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर यांच्याबद्दल मला जरा जास्त सांगायचे आहे. मोगूबाईंची आई त्या लहान असतानाच गेली. त्यांनी नाटकमंडळीत कामे केली. सांगलीस अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी त्यांचे गाणे पडले आणि तालीम सुरू झाली. यजमान लवकर वारले, तेव्हा मुले लहान होती. पुढचे सर्व एकटीने आणि गाण्यावर. (त्यांचे कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पोटात आहे. मे महिन्यात पाणी उतरले की घरांची जोती वर दिसतात, म्हणे.) किशोरीताई आईच्या मागे तंबोऱ्याला बसत. आयोजक आईला कसे वागवीत, बिदागी कशी देत, उतरायला कोठे जागा देत, हे त्या मुलीने मागे बसून पाहिले. पुढे स्वतः गाऊ लागल्यावर त्यांनी मानाच्या बाबतीत रेसभरही माघार घेतली नाही. लोक त्यांना तापट म्हणत. मीही तसे ऐकले होते, आणि खरेच धरून चालले होते. पण हे कारण त्यांनी आपल्या मुलाखतींतून स्वतःच सांगितले आहे. ते वाचल्यावर मला तो ताप वाटेना, आईचे देणे फेडणे वाटले. ऐन तारुण्यात त्यांचा आवाज गेला होता आणि दोनेक वर्षे त्यांना गाता आले नाही, हेही त्यांच्याच तोंडून कळले. नुसती तबकडी लावून हे कळले नसते.

पण सगळ्यांनीच बोलावे असाही हट्ट धरू नये. अन्नपूर्णादेवी कित्येक वर्षे मुंबईत राहिल्या. लोकांसमोर वाजविणे त्यांनी सोडून दिले. शिष्यांना शिकवीत, पण मुलाखत म्हटली की दार बंद. २०१८ साली त्या गेल्या तोवर ते दार बहुधा बंदच राहिले. त्यांचे वाजविणे आपल्याला मिळाले नाही याची हळहळ वाटते, पण दार कोणासाठी उघडायचे हे घरच्या बाईने ठरवावे. आपल्या घरात तेवढेसुद्धा आपल्या हाती नसते, म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते.

आता चिठ्ठ्यांविषयी. प्रत्येकीने एक प्रश्न लिहून द्यावा असे सभेत ठरले होते. एकतीस चिठ्ठ्या आल्या. नऊ जणींनी विचारले की गळा चांगला राहावा म्हणून काय खावे. लोणच्याविषयी तर तिघींनी स्वतंत्र लिहिले! पाच जणींना त्या साड्या कोठून घेतात हे हवे होते. त्यांना हसू नका, मलाही हवे होते. दोघींनी ‘यजमानांचा पाठिंबा होता काय?’ असे विचारले, आणि एकीने तर घरगुती गोष्टीत फारच खोल हात घातला होता. त्यावरून त्या दिवशी पुष्कळ बोलाचाली झाली. वसंतराव देशपांडे आपल्या विदर्भाचे. त्यांना कधी कोणी विचारले असेल काय की, तुम्ही मैफलीला गेलात तेव्हा घरी भात कोणी शिजविला? बाईलाच का विचारायचे? त्यावर आपल्या एक वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, “अगं, बाईलाच विचारायचे, कारण तो तिलाच शिजवावा लागला. लाजायचे काय त्यात?” मला दोन्ही बाजू पटल्या. शेवटी शब्द बदलून तो प्रश्न ठेवला. पाठिंब्याचे न विचारता, दिवसातली कोणती वेळ तुमची स्वतःची होती आणि ती तुम्ही कशी मिळविली, असे विचारले आहे. त्यात नवरा आला तर येईल, नाही तर नाही. उत्तर देणाऱ्यावर सोडले.

पत्राचा पहिला खर्डा एका शिक्षक गृहस्थांकडून करून घेतला होता. त्यात दीड पान नुसत्या पदव्या होत्या. गानसरस्वती काय, स्वरसम्राज्ञी काय! विनंती कोठे आहे हे मलाच शोधावे लागले. मी तो बाजूला ठेवून साधे लिहिले. आम्ही कोण, कोठल्या, तुमचे कोणते गाणे ऐकले आणि ते कोणत्या कामात असताना ऐकले, हे आरंभी. मग प्रश्न पाचच, आणि ते आधीच लिहून पाठविलेले, म्हणजे ऐन वेळी कोणी भलते विचारील अशी धास्ती नको. अर्धा तास पुरे. नागपूरपर्यंत येण्याचा त्रास त्यांना नको, त्यांच्या गावाजवळच्या आकाशवाणी केंद्रात ध्वनिमुद्रण झाले तरी चालेल. सकाळच्या रियाजाच्या वेळी आमच्यापैकी कोणी फोन करणार नाही, आणि एखादा प्रश्न नको वाटला तर तो गाळावा, कारण विचारले जाणार नाही. मानधन ठरविणे केंद्राचे काम आहे, पण ‘सेवाभावाने यावे’ हे खर्ड्यातले वाक्य मी काढून टाकले. रेडिओवर गाणाऱ्याची परीक्षा होते, बी, बी हाय, ए आणि टॉप असे दर्जे ठरतात, आणि त्याप्रमाणे मोबदला मिळतो. शाल-श्रीफळ दिले म्हणजे कलावंताचे घर चालते, ही समजूत आपल्याकडे फार आहे.

घाई का केली, तेही सांगते. मालिनीताई राजूरकर ६ सप्टेंबर २०२३ रोजी गेल्या. टप्पा गावा तर त्यांनी. आणि सुरुवातीला त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवीत असत! डॉ. प्रभाताई अत्रे १३ जानेवारी २०२४ रोजी गेल्या. त्यांनी आकाशवाणीत नोकरीही केली होती, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांची बाजूही त्यांना ठाऊक होती. त्या दोघींची गाणी आहेत, मुलाखती आहेत. पण तुमसरच्या बाईचा प्रश्न त्यांच्यापर्यंत कधी गेला नाही.

आता ते पाच प्रश्न. पहिला, तुम्हाला पहिल्यांदा गाणे कोणी शिकविले आणि घरात कोणाला ते नको होते? दुसरा, वेळेचा, तो आत्ताच सांगितला. तिसरा, आवाज बसला किंवा वयाने बदलला तेव्हा काय केले? चौथा खाण्याचा आहे. तो मी ठेवला, कारण नऊ जणींना तो हवा होता, आणि लोणच्याचा एकदा निकाल लागलेला बरा.

पाचव्या प्रश्नाविषयी थोडे अधिक सांगते. माहेरी शेजारी एक गुरुजी राहत. त्यांच्याकडे मी दोन वर्षे शिकले. भूप, दुर्गा, काफी आणि थोडा यमन. सातवीनंतर शाळा सुटली तसे तेही सुटले. कोणी मारून-मुटकून सोडविले नाही. सकाळी पाणी भरायचे आले, धाकटी भावंडे आली, मग लग्न झाले. मला वाटे की हे माझ्या एकटीचेच आहे. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आणखी सहा चिठ्ठ्या तशाच निघाल्या. कोणी पेटी शिकत होती, कोणी भजनी मंडळात पहिला आवाज होती, एकीचा तर तंबोरा अजून माहेरच्या माळ्यावर आहे. त्या सहा आणि माझी सातवी मिळून एक प्रश्न केला. तो पत्रात आहे तसा वाचते : “तीस वर्षे न गायिलेल्या गळ्याने पुन्हा सा लावायचा झाला, तर सुरुवात कोठून करावी? घरात कोणी नसते अशी वेळ आम्हाला दुपारी अडीच ते साडेतीन एवढीच मिळते. ती चालेल काय?”

पत्र सोमवारी स्पीड पोस्टाने गेले. पावती खजिनदारबाईंकडे आहे. उत्तर होकाराचे येवो वा नकाराचे, पुढच्या मासिक सभेत ते आहे तसे वाचून दाखविले जाईल.