जनरेटर होता, डिझेल होतं, आणि बॅटरी?

(नव्या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

आज कोड नाही, एआय नाही, पगाराच्या गप्पा नाहीत. आज एका बॅटरीची गोष्ट. मोबाइलच्या नाही, जनरेटरच्या.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलं. आमचं घर तिथून खाली, दापोली तालुक्यात. लॉकडाऊन होता, मी पुण्याहून मार्चमध्येच गावी आलो होतो. नोकरी लागून जेमतेम वर्ष झालेलं. माळ्यावर, जिथे रेंज येते त्या खिडकीत, लॅपटॉप मांडून काम चालायचं.

घरी आजोबा. त्यांना फुप्फुसांचा जुना आजार, त्यामुळे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं, पण त्याला सतत वीज लागते, साधारण तीनशे-साडेतीनशे वॅट. आणि कोकणात पावसाळ्यात वीज म्हणजे पाहुणी, कधी येईल कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून बाबांनी दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड डिझेल जनरेटर घेतला होता. गोठ्याच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. सेल्फ स्टार्टवाला. हँडल मारून चालू होणारा नाही, हे लक्षात ठेवा.

सकाळीच लाइट गेली. वारा वाढत होता, माड अक्षरशः झाडूसारखे वाकत होते. बाबा म्हणाले, "जा, जनरेटर लाव." मी रेनकोट घालून गेलो, किल्ली फिरवली. कट. कट-कट-कट-कट. बस. इंजिन हललंसुद्धा नाही. परत फिरवली, तर पॅनलची स्क्रीनच विझली.

डिझेलचे दोन कॅन भरलेले होते. ऑइल बदललेलं होतं. फिल्टर नवा. सगळी तयारी त्या साठ-सत्तर किलोच्या इंजिनाची, आणि ते अडलं एका डब्याशी.

आता हिशोब ऐका. घरात एक लहान सिलिंडर होता, दीड हजार लिटरचा. आजोबांना मिनिटाला दोन लिटर लागायचा. म्हणजे साडेसातशे मिनिटं, साडेबारा तास. तो सकाळी साडेअकराला लावला. मध्यरात्री संपणार. रस्त्यावर फणस आडवा पडलेला, त्यापुढे विजेचा खांब, मोबाइलला रेंज शून्य. अँब्युलन्सचा प्रश्नच नव्हता. मी दर अर्ध्या तासाने सिलिंडरच्या काट्याकडे बघत होतो. आजोबा मात्र शांत. मलाच विचारत होते, "जेवलास का रे?"

वारा पडल्यावर, अंधार पडता पडता, वरच्या वाडीतले एक काका आले. त्यांचा पिकअप टेम्पो आमच्या घरापर्यंत येऊ शकत नव्हता. तर त्यांनी काय केलं, टेम्पोची बॅटरीच काढली आणि खांद्यावर घेऊन, पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत आणली. गळ्यात जम्पर केबल. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत ना, हे आधी तपासलं, कारण ट्रकची सिस्टिम बहुधा २४ व्होल्टची असते. लाल वायर प्लसला प्लस, काळी टेम्पोच्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक आमच्या बॅटरीला नाही, तर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात धडधड सुरू. रात्रीचे पावणेनऊ.

आमच्याकडे वीज आली ती बाविसाव्या दिवशी. पण आज मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. बॅटरी का उतरली?

तिला चार्जर लावलेला होता. नेहमी लावलेलाच असायचा. तर नंतर आजी हळूच म्हणाली, "अरे, शेडमध्ये रात्रभर तो लाल दिवा पेटलेला दिसायचा. उगाच मीटर फिरतोय म्हणून मीच बटण बंद केलं." कधी? तर मेच्या सात-आठ तारखेला.

तिला काय बोलणार? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तो दिवा कशासाठी आहे. आणि मी, बीटेक इन कॉम्प्युटर, ऑफिसात सर्व्हरला अलर्ट लावणारा माणूस, मी काय केलं? ३१ मेला वादळाच्या बातम्या ऐकून शेडमध्ये गेलो होतो. पॅनलवर आकडा बघितला: १२.०. म्हटलं, बॅटरी १२ व्होल्टची, आकडा १२, म्हणजे झकास. आणि परत आलो.

मंडळी, इथे थांबा जरा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा विश्रांतीला १२.६ ते १२.७ दाखवते. आत सहा सेल, प्रत्येक साधारण २.१ चा. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव, जवळजवळ रिकामीच. सगळा खेळ त्या पॉइंटनंतरच्या आकड्यात आहे. मोबाइलसारखी टक्केवारी दाखवली असती तर मी २० टक्के बघून धावलो असतो.

बरं, जनरेटर बंद असताना बॅटरी कोण खात होतं? नंतर मी मल्टिमीटर घेऊन बसलो. मायनसची वायर काढली, मध्ये मीटर जोडला, दहा अँपिअरच्या भोकात. (असा मीटर लावलेला असताना चुकूनही किल्ली फिरवायची नाही, फ्यूज जाईल.) आकडा आला ५० मिलिअँपिअर. ती पॅनलची स्क्रीन, तो कंट्रोलर. एवढासा वाटतो ना? गुणा. ०.०५ गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, ३६ अँपिअर-अवर. आमची बॅटरी ३५ ची. म्हणजे चार्जर बंद असेल तर जनरेटर काहीही न करता महिन्याभरात स्वतःची बॅटरी गिळतो. मेमरी लीक म्हणतो ना आपण, तस्संच.

याउलट एकदा स्टार्ट करायला किती लागतं? समजा दोनशे अँपिअर, तीन सेकंद. तो येतो ०.१७ अँपिअर-अवर. काहीच नाही! म्हणजे बॅटरी स्टार्ट करून मरत नाही, पडून राहून मरते. आणि उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात, मग नंतर कितीही चार्ज करा, ती पूर्वीसारखी भरत नाही. आमची तशीच गेली. नवी घ्यावी लागली. "दर आठवड्याला दहा मिनिटं चालवतो की" म्हणणाऱ्यांसाठी: त्याने त्या स्टार्टचा खर्च भरून निघतो, पण उतरलेली बॅटरी भरायला कित्येक तास लागतात.

आता आमच्याकडे काय केलंय. चार्जर बदलला. जुना साधा ट्रान्सफॉर्मरवाला होता, तो भरल्यावरही ढकलतच राहायचा आणि पाणी उकळायचा. नवा ऑटोमॅटिक आहे, भरली की १३.५-१३.८ वर येऊन नुसता धरून ठेवतो. महिन्याला तीन-चार युनिट खातो, आजीला बिल दाखवलं. शिवाय बटणावर चिकटपट्टी आणि वर मोठ्या अक्षरात, मराठीत: "बंद करू नये. आजोबांचं मशीन यावर आहे." बघा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल हाच.

पण वीजच दहा दिवस नसेल तर चार्जरही मेलेलाच. म्हणून मायनसच्या वायरीत एक कट-ऑफ स्विच टाकला. लाइट गेल्यावर जनरेटर चालत नसेल त्या वेळी तो बंद करायचा, की कंट्रोलरचं खाणं थांबलं. चालू इंजिनात मात्र त्याला हात लावायचा नाही. तुमचा जनरेटर आपोआप सुरू होणारा असेल तर हा उपाय चालणार नाही, तिथे दहा वॅटचं छोटं सोलर पॅनल कंट्रोलरसकट लावा. दिवसाला १५ वॅट-अवरच भरून काढायचे असतात, ढगाळ दिवसातही बरंच जमून जातं.

बाकी किरकोळ. पाणी महिन्यातून एकदा बघायचं, प्लेटा बुडालेल्या हव्यात, फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं किंवा आरओचं नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खायच्या सोड्याचं पाणी, ब्रश, वर व्हॅसलिन. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे टाळू नका, आमच्याकडे एकदा केवळ ढिल्या क्लॅम्पमुळे सेल्फ लागला नव्हता.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास चालवायचा, रिकामा नाही, लोड टाकून. स्टार्ट करताना मी मीटर धरतो. किल्ली फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी म्हातारी झाली समजायचं, मग विश्रांतीला १२.६ दाखवत असली तरी. धूर बाहेर जातोय ना, तेही बघायचं. जनरेटर पडवीत किंवा घरात कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि घराच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच हवाच, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपली वीज बसेल.

आजोबा त्यानंतर तीन पावसाळे होते. बॅटरी आता दुसरी आहे, तिच्यावर मार्करने तारीख लिहिलीय. मी पुण्यात असतो, त्यामुळे पहिल्या रविवारचं काम आईने घेतलंय. किल्ली ती फिरवते, आणि आजी मीटरचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकते. काल रात्रभर चार्जर काढून ठेवून सकाळी बघितलं. १२.७. खाली आजीचा मेसेज: "बटण परत लावलं."