पेंढ्याचाही हिशेब मांडा



ऑक्टोबर 2019. अरबी समुद्रात क्यार वादळ आणि ऐन दिवाळीत पाऊस. आंबिवली, टिटवाळ्यापासून मुरबाड, शहापूरपर्यंत कापलेल्या भाताची कडपे शेतातच भिजली. लोंब्यांतल्या दाण्याला मोड आले. चर्चा झाली ती भाताची. पेंढ्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. पण तोच पेंढा पुढच्या जूनपर्यंत गुरांचे पोट भरणार होता. ओला पेंढा उडवीत रचला की आतून तापतो, काळा पडतो, बुरशी धरतो. असा पेंढा खाल्लेल्या म्हशीचे शेपटीचे टोक, कान, खूर सडू शकतात. आज पदवी हाती घेतलेल्या तुमच्यातल्या पशुवैद्यकांनी या रोगाचे नाव वाचले असेल : देगनाला.

शेतीला जनावरांची जोड असली की एक बुडाले तर दुसरे तारते, असे आपण शिकवतो. ते अर्धेच खरे आहे. गोठ्याचा चारा आणि घरातला तांदूळ दोन्ही एकाच कडपावर अवलंबून असतील, तर एकच पाऊस दोन्ही नेतो. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीबद्दल आहे.

म्हणून बांधाकडे बघा. बांधावर शेवरी, हादगा, गिरिपुष्प लावा. शेवरी-हादग्याचा पाला गुरांना, गिरिपुष्पाचा खाचराला. विहिरीला पाणी असेल तिथे चार गुंठे हिरवा मका करून त्याचा मुरघास भरा. पेंढा भिजला तरी मुरघास बंद पिशवीत टिकतो. भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा घ्या. वालाचा भुसा जनावरे आवडीने खातात, आणि कडधान्याची मुळे जमिनीला नत्र देतात.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेले सगुणा राइस तंत्र जाऊन पाहा. गादीवाफे एकदाच करायचे, मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. जुन्या पिकाची मुळे जमिनीतच कुजतात. रोपे वाढवायची नसल्याने राबही भाजावा लागत नाही, म्हणजे शेण आणि पाला आगीत न जाता खतात जातो. मला ही त्यातली फार मोलाची गोष्ट वाटते. पण दोन प्रश्न मनात ठेवूनच जा. तिथे तणनाशक वापरतात. मग त्या बांधावरचे गवत गाईला केव्हा घालायचे? आणि चिखलणी गेली की बैलाचे काम जाते. बैल गेला तर शेणाचे काय? भाताचा अभ्यास करणारा एकटा याचे उत्तर देऊ शकणार नाही.

आपल्याकडे शिक्षणाचीही वाटणी झाली आहे. कोकणाचे कृषी विद्यापीठ दापोलीला 1972 पासून. पशुवैद्यक 2000 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या विद्यापीठाकडे. शेतकऱ्याच्या घरी मात्र खाचर आणि गोठा यांत एक पडवीच असते. उन्हाळ्याचेच घ्या : मे महिन्यात म्हशीला उष्मा सोसत नाही. कातडी काळी, घाम कमी. माज मुका राहतो, मालकाच्या लक्षात येत नाही, आणि वेत लांबते. यावर उपाय औषधाच्या बाटलीत थोडा आणि गोठ्यावरच्या सावलीत, पाण्यात, वैरणीत जास्त. ती सावली देणारे झाड कोणते, हे पीकवाल्याने सांगायचे.

तेव्हा कृषी पदवीधरांनो, खताचा डोस लिहिण्याआधी गोठ्यात किती गुरे आहेत ते विचारा. पशुवैद्यांनो, इंजेक्शन देऊन झाले की उडवीत हात घालून पेंढा गरम लागतो का ते पाहा.

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा इथे जत्रा भरते, गुरांचा बाजार असतो. दोघे दोघे मिळून जा, एक शेतीतला आणि एक गुरांचा. बैल विकायला आणलेल्या माणसाजवळ बसा आणि विचारा : दादा, का विकताय? यंदा पेंढा किती हाती आला? जूनपर्यंत पुरेल का? बांधावर काय लावलंय?