जुन्या डब्यात नवा खेळ

बिलोली म्हणजे तेलंगणाच्या सीमेवरचा तालुका. इथल्या पोराला कॉम्प्युटरचा सुटा भाग हवा असेल, तर नांदेड गाठायचं, नाहीतर सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर.

ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्ससारखे कॉम्प्युटर-संच स्वस्तात मिळतात. गेमसाठी त्यात ग्राफिक्स कार्ड घालावं लागतं, आणि खरी मेख विजेत आहे. या संचांचा पॉवर सप्लाय लहान, बऱ्याचदा कंपनीच्याच मापाचा. बाजारातला दुसरा बसत नाही. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंतच वीज पुरवतो. म्हणून २०१९ साली आलेलं जीटीएक्स १६५० कार्ड अशा डब्यांना मानवतं. मात्र वेगळी वायर न मागणारंच घ्यावं. डबा अरुंद असेल तर बुटकं कार्ड.

रॅमची एकच पट्टी असेल तर तिला जोडीदार द्यावा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावली, की गेम चटकन उघडतो.