गाण्याला जायचं म्हणजे...



गाण्याच्या कार्यक्रमांची तिकिटं परवडत नाहीत, अशी तक्रार हल्ली पुण्या-मुंबईची माणसं करतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ‘कोल्डप्ले’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं काही मिनिटांत संपली आणि पुढं तीच लाखांच्या भावानं निघाली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलं. देगलूरच्या बसस्थानकाबाहेर चहा पिताना ही बातमी वाचणाऱ्याला त्यात गंमत जास्त वाटते, दुःख कमी. आमचं दुःख तिकिटाच्या अलीकडेच सुरू होतं.

देगलूरला रेल्वे नाही. एका बाजूला तेलंगण, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. नांदेड साधारण ऐंशी किलोमीटर, उदगीर त्याहून जवळ, हैदराबाद दोनशेच्या आसपास. तबल्याचा क्लास गावात आहे, पेटी शिकवणारे आहेत, भजनी मंडळं तर गल्लोगल्ली. पण मोठा कलावंत समोर बसून ऐकायचा तर गाव सोडावं लागतं.

माझा नातू तबला शिकतो. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोघं पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. तरुणपणी मी तिथं दोनदा जाऊन आलो होतो, तेव्हा वाटलं, नातवालाही दाखवावा. परत आल्यावर सवयीप्रमाणे हिशेब लिहिला. एसटी, रेल्वे, लॉजच्या तीन रात्री, रिक्षा, जेवण असे सगळे मिळून नऊ हजारांच्या वर गेले होते. त्यात तिकिटांचा वाटा सातव्या हिश्शाएवढाही नव्हता. आम्ही भारतीय बैठकीवाले. खुर्चीचा मोह ठेवला नव्हता, म्हणून एवढ्यात भागलं.

माझ्या तरुणपणी हा खर्च कसा भागायचा? त्याचं उत्तर फार साधं आहे. कार्यक्रम रात्रभर चालायचे. संध्याकाळच्या एसटीनं जायचं, एक घोंगडी आणि दशम्यांचं गाठोडं जवळ, पहाटेची भैरवी ऐकायची आणि पहिल्या गाडीनं परत. लॉजचा प्रश्नच यायचा नाही. मांडव हीच आमची धर्मशाळा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि बंदिस्त सभागृह सोडून रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, एवढंच. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या वरातींनी आणि डीजेंनी जो उच्छाद मांडला होता, त्यात आजारी माणसाचे हाल मी घरात पाहिले आहेत. पण त्या नियमानं शहरातल्या श्रोत्याला लवकर घरी पाठवलं आणि बाहेरगावच्या श्रोत्याला लॉजच्या दारात उभं केलं, हेही खरंच. मध्यरात्रीनंतरचे राग मैफिलीतून गेले, ते वेगळंच.

आता कलावंतांकडून बघू. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली एक मुद्दा मांडला. कारखान्यात यंत्र आलं की कमी माणसांत जास्त माल निघतो, पण चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसं लागत होती आणि आजही चारच लागतात. वेळही तेवढाच. आपल्याकडं बघा ना. विलंबित एकताल यंत्रानं लवकर संपवता येत नाही! गायक, तबलजी, पेटीवाले, तानपुऱ्यावरची दोन मुलं या सगळ्यांचं घरभाडं मात्र इतरांसारखंच वाढतं. त्यात कॅसेट आणि सीडी गेल्या. मोबाइलवर गाणं फुकटाच्या भावात मिळू लागलं, तशी कलावंताची मिळकत मंचावर येऊन ठेपली. त्यानं बिदागी वाढवली तर त्याला दोष कसा द्यायचा?

वर मंडपवाला, ध्वनियंत्रणा, जनरेटर, परवाने. शिवाय कर. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अडीचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला माफी होती, जानेवारी २०१८ मध्ये ती पाचशेपर्यंत नेली. त्यावरच्या तिकिटावर अठरा टक्के.

महाग तिकीट ही आजचीच गोष्ट आहे असंही नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला, तेव्हा शंभर रुपयांपर्यंत तिकीट होतं आणि एका रात्रीत सोळा हजारांहून अधिक रुपये जमले. पण तो पैसा टिळक स्वराज्य फंडासाठी होता.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं फुकट कार्यक्रम काय कमी आहेत? आहेत, आणि त्यांचं मोल मी जाणतो. आमच्या तालुक्यात होट्टलला चालुक्यांच्या काळातली देखणी मंदिरं आहेत. अलीकडं तिथं जिल्हा प्रशासनाच्या पुढाकारानं होट्टल महोत्सव भरतो आणि खेड्यातल्या बाया-बापड्या सतरंजीवर बसून शास्त्रीय नृत्य बघतात. माळेगावच्या यात्रेत लावणी आहे. आणि धुंडा महाराजांच्या देगलूरला कीर्तनाचं तिकीट ठाऊकच नाही. कीर्तनकाराला बिदागी गाव देतं, ऐकणारा काही देत नाही.

पण एरवीचे फुकट कार्यक्रम? एका प्रायोजित कार्यक्रमाला आम्ही सात वाजता जाऊन बसलो. पुढच्या चार रांगांत सोफे, त्यावर नावांच्या चिठ्ठ्या. दीपप्रज्वलन, सत्कार, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांची भाषणं. गायिका मंचावर आल्या तेव्हा सव्वानऊ झाले होते. दहाला पोलिसांचा माणूस येऊन उभा राहिला. पाऊण तासाच्या गाण्यासाठी आम्ही सव्वादोन तास शाली आणि नारळ मोजले. पैसे न देणाऱ्याला तक्रारीची सोय नसते.

एक गोष्ट सांगायची की नाही, असं मनात होतं. पुण्याहून येताना नातू गाडीत म्हणाला, “आजोबा, एकदा झाकीरभाईंना ऐकायला जाऊत का?” मोठ्या शहरातलं तिकीट, पुन्हा तोच प्रवास, पुन्हा तोच लॉज. वहीतले आकडे ताजे होते. मी म्हणालो, “पुढच्या वर्षी बघू.” डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली. नातू काही बोलला नाही. क्लासला मात्र चार दिवस गेला नाही.

त्यानंतर आम्ही गावातल्या सात-आठ जणांनी बसून ठरवलं, की आपण जाऊ शकत नाही तर त्यांना आणू. नामवंत नव्हे, ज्यांची बिदागी आपल्याला पेलेल असे तरुण, तयारीचे कलावंत. गेल्या हिवाळ्यात मंगल कार्यालयाच्या दालनात पहिली मैफल केली. तिकीट शंभर रुपये, शिकणाऱ्या मुलांना फुकट. यावर बरीच वादावादी झाली. “देगलुरात गाण्याला कोण पैसे देतंय हो, मास्तर?” असं एका व्यापारी मित्रानं विचारलं. तरी स्वतः त्यानं पाच तिकिटं घेतली. सत्कार ठेवला नाही, सोफाही नाही. एकशे बारा तिकिटं गेली, खर्चाला साडेचार हजार कमी पडले, ते आम्ही वाटून घेतले. सहाला सुरू झालेलं गाणं साडेनऊला संपलं. आसपासच्या खेड्यांतून आलेल्यांसाठी दोन जीप सांगून ठेवल्या होत्या.

तबल्याची साथ करायला आलेला मुलगा पंचविशीचा होता. मैफल संपल्यावर तो मांडवातच माझ्या नातवाला घेऊन बसला. सतरंज्या गुंडाळून झाल्या, दिवे अर्धे बंद केले, तरी दोघांचं काही आवरेना. शेवटी कार्यालयाचा रखवालदार किल्ल्या वाजवत आला.