टेक्सास : रहिवासी किती, मतदार किती?

टेक्सास राज्यात राहणारे लोक वेगळे आणि मत देऊ शकणारे वेगळे. 2020च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 2 कोटी 91 लाख भरली. त्यात हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको व इतर स्पॅनिशभाषक देशांशी नाते सांगणारे, 39.3 टक्के, हिस्पॅनिक नसलेले गोरे 39.7 टक्के. जवळजवळ बरोबरीच. पण त्याच सुमारास पात्र मतदारांत हिस्पॅनिक साधारण 30 टक्केच होते आणि गोरे निम्म्याच्या आसपास.

हा फरक कुठून आला? मताला दोन मुख्य अटी आहेत : वय 18 पूर्ण आणि अमेरिकेचे नागरिकत्व. हिस्पॅनिक समाजाचे सरासरी वय कमी, घरात मुले जास्त आणि अनेक प्रौढ अजून नागरिक नाहीत. दोन्हीकडून आकडा घटतो.

गृहनिर्माण सोसायटीत हेच घडते. इमारतीत सगळेच राहतात, पण वार्षिक सभेत हात वर करतो तो सभासद. भाडेकरू दहा वर्षे राहिला तरी मत नाही आणि पोरेटोरे तर जिन्यातच खेळतात. पाणी मात्र सगळ्यांची डोकी मोजूनच लागते. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या जागाही अशाच, सगळी डोकी मोजून वाटल्या जातात. म्हणूनच 2020च्या गणनेनंतर टेक्सासच्या जागा 36 वरून 38 झाल्या. त्या वाढीत मत नसलेल्यांचाही वाटा आहे.

ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांतही हे दिसते. आईवडील एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असले, तर कर भरूनही त्यांना मत नाही; तिथेच जन्मलेली मुलगी मात्र जन्मापासून नागरिक, अठराव्या वर्षी मतदार. आशियाई समाजाच्या बाबतीत नागरिकत्वाची अट अशी आडवी येते. कृष्णवर्णीय बहुतेक जन्माने नागरिक असल्याने त्यांचा मतदारांतला वाटा, सुमारे 13 टक्के, लोकसंख्येतल्या वाट्याहून घटत नाही.

तरीही निवडणूक आली की लोकसंख्येची टक्केवारी मतदारांची म्हणून बिनदिक्कत सांगितली जाते आणि निकाल उलटा लागला की आश्चर्य व्यक्त होते. पुन्हा सांगायला हवे : रहिवासी म्हणजे मतदार नव्हे. पात्र मतदार म्हणजे नोंदलेला मतदारही नव्हे. टेक्सासात मतदानाच्या 30 दिवस आधी नाव नोंदवावे लागते. पण त्या हिशेबाला आज वेळ पुरणार नाही. टक्केवारी कानावर पडली की श्रोत्यांनी आधी एवढे तरी विचारावे : ही राहणाऱ्यांची, की मत देऊ शकणाऱ्यांची?