ठाकूरदेवाचा डोंगर
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



 शाळामास्तर उभा राहिला की श्रोत्यांस आपण पुन्हा वर्गात बसलो आहोत असे वाटू लागते, हे आम्ही जाणतो. घड्याळाकडे पाहण्याचे काम आम्ही चिटणिसांवर सोपवले आहे.

आपण सारे एका सपाट माथ्याच्या डोंगराखाली राहतो. सुमारे तीनशे फूट उंचीच्या या डोंगरास प्रत्येकाने आपापल्या परीने पवित्र मानले आहे. ग्वालिपा सिद्धाच्या नावावरून गावाचे नाव पडले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पंधराव्या शतकात तोमरांच्या काळी कड्यांत तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्या गेल्या. वर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. खाली शहरात हजरत महंमद गौस यांचा दर्गा आहे. वडिलांचे बोट धरून आम्ही तेथे जात असू, आणि फातिहा आटोपला की तानसेनाच्या कबरीजवळील चिंचेचा पाला तोंडात टाकण्याची आम्हांस कोण घाई! गळा मात्र सुधारला नाही, हे आपण आता ऐकतच आहात.

हे सारे पावित्र्य कोणी तरी बांधलेले अथवा कोरलेले आहे, म्हणून ते दिसते. पण जेथे घुमट नाही, कळस नाही, नुसता डोंगरच देवाचे घर आहे, तेथे काय करावयाचे? हा प्रश्न आमचा नव्हे. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात नकाशावरील खुणा शिकवीत होतो. देऊळ, मशीद, ईदगाह, छत्री, कबर, साऱ्यांस स्वतंत्र खूण आहे. एका मुलीने विचारले, ‘‘सर, डोंगरच देव असला तर कोणती खूण काढायची?’’ तिचे वडील काही वर्षे गडचिरोली जिल्ह्यात नोकरीस होते आणि तिने सुरजागडचे नाव तेथे ऐकले होते. त्या दिवशी आम्ही ‘उद्या सांगतो’ म्हणून वेळ मारून नेली.

सुरजागड एटापल्ली तालुक्यात आहे. भोवतालच्या रानात माडिया गोंडांची वस्ती आहे. बाबा आमट्यांनी 1973 साली शेजारच्या भामरागड भागात, हेमलकशास, लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्यामुळे मराठी माणसास माडियांचे नाव तरी ठाऊक झाले. मोहाची फुले, तेंदूपाने, बांबू यांवर त्यांचे बरेचसे जीवन चालते. देवास ते ‘पेन’ म्हणतात. कोणत्या कुळाचे देव चार, कोणाचे पाच, सहा किंवा सात, यावरून सोयरीक ठरते. सुरजागडावर त्यांचा ठाकूरदेव राहतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे यात्रा भरते आणि इलाख्यातील गावोगावचे लोक जमतात. यात्रेत वीर बाबुराव शेडमाके यांचेही स्मरण होते. त्यांस इंग्रजांनी 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यास फाशी दिले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात राणी लक्ष्मीबाई आपल्या या ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडल्या. फुलबागेतील समाधीपुढे आपण दर वर्षी मान लववितो, पण चांद्याची ती फाशी आपल्यापैकी कितींस ठाऊक होती? आम्हांस तर चाळिशी उलटेपर्यंत नव्हती.

या डोंगराच्या पोटात उत्तम लोखंड आहे. 2007 साली तेथील सुमारे 348 हेक्टर जमीन खाणीसाठी पट्ट्याने देण्यात आली. वनहक्काचा कायदा 2006 चा, परंतु तो अंमलात आला 2007 च्या अगदी अखेरीस. पट्टा या दोहोंच्या मधल्या काळात झाला. पुढे डिसेंबर 2016 मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे खनिजाच्या कितीतरी गाड्या जाळल्या. गावकरी बंदूक व बुलडोझर यांच्या कात्रीत सापडले. 2021 पासून खोदकाम जोराने सुरू झाले. ऑक्टोबर 2022 मध्ये खाण वाढविण्यासाठी जनसुनावणी झाली. ती कोठे, तर गडचिरोली शहरी, डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. मार्च 2023 पासून तोडगट्टा येथे लोक इलाख्यातील नव्या खाणींविरुद्ध धरणे धरून बसले. नोव्हेंबरात ते उठविण्यात आले.

त्या सुनावणीच्या जागेपाशी आमचे मन अडते. आम्ही मास्तर लोक आहोत. पालकांस शाळेत बोलावून चार शब्द सुनावणे आम्हांस सोपे जाते, त्यांच्या अंगणात जाऊन बसणे जड जाते. ज्याच्या घराविषयी प्रश्न आहे त्याच्या घरी जाऊन विचारावे, की त्याला आपल्या कचेरीत बोलवावे?

हे अशक्य होते असेही नाही. ओडिशात नियमगिरी नावाचे डोंगर आहेत, डोंगरिया कोंधांच्या नियमराजाचे घर. त्यांचा माथा आपल्या किल्ल्यासारखाच सपाट, पण दाट जंगलाचा. त्या सपाट थरात बॉक्साइट आहे. तो थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यातही ओढ्यांस पुरवितो. कोंध उतारावर अननस, हळद, आले पिकवितात, पण माथ्यावरचे झाड तोडीत नाहीत. भूगोल व भक्ती तेथे एकाच गोष्टीस राखतात, हे पाहून भूगोलाच्या मास्तरास आनंद का होऊ नये? तेथेही खाण येणार होती. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की या लोकांच्या धार्मिक हक्कास बाध येतो काय, हे ग्रामसभांनी ठरवावे. मग जुलै-ऑगस्टात डोंगरातील 12 गावांत, गावातच सभा भरल्या. जिल्हा न्यायाधीश स्वतः निरीक्षक म्हणून तेथे बसले. बाराही गावांनी ‘नाही’ म्हटले. जानेवारी 2014 मध्ये केंद्र सरकारने परवानगी नाकारली.

आम्हांस कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मुसलमान, डोंगराची पूजा तुमच्यात बसते काय? बसत नाही. आम्ही तेथे नवस बोलणार नाही. पण दुसऱ्याच्या घरात पादत्राणे घालून शिरू नये एवढी अदब आम्हांस आईने शिकविली आहे. दुसरीही गोष्ट कबूल केली पाहिजे. या सभागृहाच्या छपरात लोखंड आहे, आमच्या सायकलीत आहे. सुरजागडच्या खाणीत तेथील काही तरुणांस काम मिळाले, हेही खोटे नव्हे. तेथील प्रत्येक माणूस खाणीच्या विरुद्धच आहे असे येथे बसून म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. गावांनी होय म्हटले असते तर आम्ही हे भाषण केले नसते. पण तसे त्यांच्या गावात जाऊन विचारावयास हवे होते.

त्या मुलीस आम्ही अखेर सांगितले, की पुस्तकात खूण नाही. तिने मग डोंगराच्या समोच्चरेषांनाच हिरवा रंग दिला आणि सूचीत लिहिले, ‘देव’. परीक्षेत तिचा अर्धा गुण कापावा की नाही, यावर शिक्षकखोलीत बराच वाद झाला. आम्ही कापला नाही.

आपल्या स्टेशनावरून दक्षिणेस जाणारी गाडी बल्लारशास थांबते. तेथून आलापल्ली व पुढे एटापल्लीस मोटारीने जाता येते. जानेवारीत कोणास यात्रेस जाण्याची इच्छा असल्यास आम्हीही बरोबर येऊ. मात्र वर चढावे की खाली थांबावे, हे तेथील जाणत्यांस विचारून मगच ठरवू.