मोटारीमागचें घर
अमेरिकेंत मोटारीमागें चाकांवरचें घर जोडून सहकुटुंब हिंडणारे लोक पुष्कळ. अशा ६००० पौंडी घराचा ६०० ते ९०० पौंड भार जोडणीच्या टोकावर यावा लागतो. कमी आला, तर घर वाटेंत शेंपटासारखें डोलूं लागतें. पुरेसा आला, तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढचीं चाकें हलकीं होतात व सुकाणू नीट लागत नाहीं. भारवांटणीच्या जोडणींतील पोलादी कांबी कांहीं भार पुढच्या चाकांवर व घराच्या आंसावर सारतात. घर्षणाचा रोध डोलणें आवरतो. कांबी निवडाव्या त्या सामानानें भरलेल्या घराच्या टोकाचा भार तोलून. माहितीपत्रकांतला आंकडा बहुधा रिकाम्या घराचा असतो! जाड कांबींनीं मोटारीची ओढण्याची मर्यादा मात्र वाढत नाहीं. आणि सामान मागें रचल्यानें टोक हलकें झालें असेल, तर आधीं तें पुढें सरकवा. रोधाची निवड मागाहून.